बाळंतपणाच्या वेळी शेजारी कोण असणार? बेळगाव शहर आणि खानापूरच्या रानातली गावे

प्रश्न विचारणाऱ्या भगिनी बेळगावात वडगाव भागात राहतात. त्यांना पाचवा महिना आहे आणि हे त्यांचे पहिलेच बाळंतपण आहे. त्यांची जाऊ खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावात राहते. तिला सातवा लागला असून हे तिचे दुसरे बाळंतपण आहे. त्यांनी लिहिले आहे: ‘सिस्टर, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांत चार दवाखाने आहेत, पण तपासणीला गेले की तीन मिनिटांत बाहेर येते. जाऊबाईंच्या घरी सिस्टर येऊन बसते, पोट तपासते, चौकशी करते, पण रात्री कळा आल्या तर कुठे जायचे ते कुणालाच ठाऊक नाही. शिकलेली, सरावलेली सुईण शहरात जास्त मिळते की गावात? आणि आम्ही दोघींनी आता काय करावे?’

मी सुरुवातीची अकरा वर्षे याच तालुक्यातील एका उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सिस्टर, म्हणून आणि पुढे जीएनएमचे शिक्षण घेऊन अठरा वर्षे शहरातील प्रसूतिकक्षात काम केले. त्या अनुभवावरून सांगायचे तर सुईणीची सेवा तुम्हा दोघींनाही अर्धीच मिळते, फक्त दोघींच्या वाट्याचे अर्धे वेगवेगळे आहे. जाऊबाईंना ओळखीची बाई आहे. ती प्रसूतीच्या रात्री तेथे असेलच असे नाही. तुम्हाला प्रसूतीच्या रात्री सर्व साधने मिळतील. पण ती वापरणारी व्यक्ती तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा पाहत असेल.

सुईण म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर म्हातारी दाई येते. कानडीत तिला सूलगित्ती म्हणतात. तुमकूर जिल्ह्यातील पावगड तालुक्यातल्या सूलगित्ती नरसम्मांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पंधरा हजारांहून अधिक बाळंतपणे त्यांच्या हातून पार पडली होती. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण तुमच्या प्रश्नातली ‘शिकलेली सुईण’ म्हणजे प्रसाविका. दिवस गेल्यापासून बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यापर्यंत जी एकाच बाईची जबाबदारी घेते, सरळ बाळंतपण स्वतः करते, गुंतागुंत लवकर ओळखते आणि वेळ न घालवता डॉक्टरांकडे पाठवते, ती प्रसाविका. गंमत अशी की या शिक्षणाचे प्रमाणपत्र आपल्याकडे हजारो बायकांकडे आहे. जीएनएम, म्हणजे ‘जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी’, या अक्षरांतला शेवटचा ‘एम’ म्हणजे मिडवाइफरीच, प्रसाविकेचे काम. नोंदणीही परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी होते. मात्र नोकरी लागली की गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘स्टाफ नर्स’ एवढेच उरते.

गावातल्या सिस्टरचे काय झाले ते थोडे मागे जाऊन पाहावे लागेल. एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका. हे पद मुळात माता व बालकांच्या सेवेसाठी, त्यातही बाळंतपणासाठी होते. १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशीनंतर तिला बहुउद्देशीय आरोग्य सेविका करण्यात आले. मग कुटुंब नियोजन, लसीकरण, हिवताप, क्षयरोग, नोंदवह्या आणि अलीकडे मोबाइलमधली माहिती भरणे असे एकेक काम तिच्याकडे येत गेले. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्त्या आल्या, आणि बाळंतपण दवाखान्यातच व्हावे या धोरणाला पैशांचे बळ मिळाले. ते धोरण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, कारण घरी वार अडकून अंगातले रक्त गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की उपकेंद्रातल्या सिस्टरचा हात बाळंतपणातून सुटला. जिच्या हातून वर्षाला चाळीस बाळंतपणे होत होती, तिच्या हातून पुढे दोन-तीन होऊ लागली, आणि हे काम असे आहे की हात सुटला की धीरही सुटतो. कर्नाटकात आता तिच्या पदाचे नाव प्राथमिक आरोग्य सुरक्षाधिकारी असे झाले आहे. त्या लांबलचक नावात प्रसूती हा शब्दच राहिलेला नाही.

कागदावरचे प्रमाण वाईट नाही. सपाटीच्या भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० होतात. पण खानापूरच्या पश्चिम भागात लोकसंख्या मोजून भागत नाही, अंतर मोजावे लागते. भीमगड अभयारण्यातील आमगाव, गवाळी, पास्तोली, कोंगळा या गावांत माणसे थोडी आहेत, म्हणून नियमाप्रमाणे त्यांच्या वाट्याला थोडीच सेवा येते. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की रुग्णाला बांबूला घोंगडी बांधून डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावरून आणावे लागते, तेव्हा तीन हजारांमागे एक की पाच हजारांमागे एक हा हिशेब कुणाच्याही कामाचा नसतो. सिस्टरलाही तिकडे मुक्कामाला राहायला धड खोली नसते. माझ्या उपकेंद्राच्या क्वार्टरला पहिली तीन वर्षे पाण्याची जोडणी नव्हती. मी राहिले, पण जी राहत नाही तिला मी दोष देत नाही.

गावात एएनएमच्या हाती बाळंतपण सोपवणे धोक्याचेच, असे शहरातले लोक सहज म्हणतात. त्यांनी आपल्याच जिल्ह्यात झालेला एक अभ्यास पाहावा. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने ग्रामीण भागातील १,६२० बायकांवर एक चाचणी झाली. बाळ जन्मताच निम्म्या बायकांना एएनएमनी मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडावाटे दिल्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. रक्त किती गेले ते अंदाजाने न सांगता बाईखाली खास मोजपिशवी ठेवून मोजले. औषध न मिळालेल्या बायकांपैकी १२ टक्के जणींना अतिरक्तस्राव झाला. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ६.४ टक्क्यांवर आले. हा अभ्यास २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच कारणासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्या गोळ्या देणाऱ्या, पिशवीतले रक्त मोजणाऱ्या आणि रात्री-अपरात्री कंदील घेऊन गेलेल्या बायका आपल्याच उपकेंद्रांतल्या सिस्टर होत्या. योग्य शिक्षण, थोडी साधने आणि पाठीशी कुणीतरी असले की गावातली प्रसाविका काय करू शकते, याचा पुरावा शोधायला आपल्याला परदेशी जावे लागत नाही.

आता तुमच्या बाजूचे पाहू. शहरात सेवा जास्त आहे असे वाटते, कारण पाट्या जास्त दिसतात. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये सुरू झाले. त्यात ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र आणि साधारण १०,००० मागे एक एएनएम धरलेली आहे, म्हणजे वडगावातल्या सिस्टरच्या वाट्याला तुमच्या जाऊबाईंच्या सिस्टरपेक्षा दुप्पट-तिप्पट माणसे येतात. शिवाय ही केंद्रे बहुतेक ठिकाणी दिवसाची बाह्यरुग्ण सेवाच देतात. मागावर काम करणारे, रोजंदारीवर जाणारे, भाड्याची खोली दर दीड वर्षाला बदलणारे अशांच्या घरी सिस्टर पोचतच नाही. पोचली तर पत्ता बदललेला असतो. त्यामुळे कळा सुरू झाल्या की गरिबाघरची बाई थेट सरकारी मोठ्या दवाखान्यात जाते आणि ज्याच्याकडे चार पैसे आहेत तो खासगीत जातो.

मोठ्या सरकारी दवाखान्यात प्रसूतिकक्ष चोवीस तास चालू असतो, रक्त मिळते, शस्त्रक्रिया होते. तेथे उणीव माणसांची असते. एका पाळीत दोन सिस्टर आणि टेबलावर एकामागून एक बायका, तर कुणाची पाठ चोळायची आणि कुणाला चालवायचे? मी स्वतः अशा पाळ्या केल्या आहेत. घाईत एखादीवर ओरडलेही आहे, आणि त्यातले काही चेहरे अजून आठवतात.

खासगीतली अडचण वेगळी आहे. एकच स्त्रीरोगतज्ज्ञ सकाळची बाह्यरुग्ण तपासणी, दुपारच्या शस्त्रक्रिया आणि रात्रीची बाळंतपणे सांभाळतो. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालणे अगदी स्वाभाविक आहे. गर्भाशयाचे तोंड ५ सेंटीमीटर उघडेपर्यंतचा काळ हा सुरुवातीचाच टप्पा मानावा आणि तेवढ्यात घाई करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितले आहे. हे तास शांतपणे काढायला, दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकायला आणि काय लिहून ठेवायचे ते कळणारी शिकलेली प्रसाविका लागते. ती नसली की डॉक्टरांपुढे दोनच वाटा उरतात: स्वतः रात्रभर बसणे किंवा संध्याकाळी सिझेरियन करून मोकळे होणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. या फरकाला लोक सरळ ‘पैशांसाठी’ असे म्हणून मोकळे होतात. पैसा हे कारण आहेच. पण माझ्या मते त्याहून मोठे कारण म्हणजे वाट पाहणारे माणूसच नेमलेले नसते.

त्याच पाहणीत कर्नाटकातली ९७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसते. म्हणजे दवाखान्यापर्यंत पोचवण्याचे काम बहुतांशी झाले. २०१८-२० या काळात कर्नाटकाचे मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ६९ होते, शेजारच्या महाराष्ट्राचे ३३ आणि केरळचे १९. तेव्हा आत पोचल्यावर काय होते, हा प्रश्न शिल्लकच आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोंदणीकृत परिचारिकेला अठरा महिन्यांचे वेगळे शिक्षण देऊन ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ तयार करायची आणि जेथे बाळंतपणे जास्त होतात अशा दवाखान्यांत, डॉक्टरांच्या विभागाला लागूनच, प्रसाविकांनी चालवायचा कक्ष उभा करायचा, अशी ती कल्पना आहे. जोखीम नसलेली बाई या कक्षात राहते, अडचण दिसली की बाजूच्या दारातून डॉक्टरांकडे जाते. तेलंगणाने २०१७ मध्येच असे शिक्षण सुरू केले होते. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्याने निदान नावात तरी या कामाला वेगळी ओळख दिली आहे. ही योजना मला मनापासून पटते. भीती एवढीच वाटते की अठरा महिने शिकून आलेल्या मुलीला परत पाठवल्यावर पुन्हा लसीकरणाच्या टेबलावर बसवतील. आमच्या बाबतीत तेच झाले.

आपल्या सीमाभागाच्या आणखी काही अडचणी आहेत, आणि त्या बेंगळुरूत किंवा मुंबईत बसून लक्षात येत नाहीत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. सासर खानापुरात आणि माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजला किंवा गोव्यातल्या सत्तरीत. सासर निपाणीत आणि माहेर कागलात. अथणी-कागवाडच्या मुलीची ओढ मिरजेकडे. नाव नोंदवलेले असते एका राज्यात, ओटी भरून मुलगी जाते दुसऱ्या राज्यात. इकडचे तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या तपासण्यांच्या नोंदींचे कार्ड, कानडीत, तिकडचे कार्ड मराठीत. कार्डावरचा आरसीएच क्रमांक, म्हणजे माता व बालकाच्या नोंदणीचा क्रमांक, देशभर एकच चालतो, पण तो कुणी विचारत नाही आणि आपण दाखवत नाही. मग आठव्या महिन्यात सगळ्या तपासण्या पहिल्यापासून होतात किंवा होतच नाहीत, आणि सिस्टरच्या वहीत ती बाई ‘बाहेरगावी गेली’ एवढीच उरते.

भाषेमुळे होणारे घोटाळे मी स्वतः निस्तरले आहेत. आपल्याकडे बायका ‘अंगावरून जातंय’ म्हणतात. त्याचा अर्थ पांढरे, लाल किंवा पाणमोट फुटल्याचे पाणी, यांपैकी काहीही असू शकतो. विजापूरकडून नव्याने आलेल्या एका सिस्टरने हे ऐकून ‘पांढरे जाते’ असे लिहून घेतले आणि त्या बाईला बाकावर बसवले. प्रत्यक्षात पाणमोट फुटून नऊ तास झाले होते. ती सिस्टर कामात वाईट नव्हती. तिला मराठी येत नव्हते आणि बाईबरोबर आलेल्या सासूला कानडी. म्हणून मी प्रत्येकीला सांगते की पाणी, रक्त, पांढरे, डोकेदुखी हे शब्द वेगवेगळे आणि स्पष्ट उच्चारा, आणि कानडीतले ‘नीरू’ (पाणी), ‘रक्त’, ‘तलेनोवु’ (डोकेदुखी) हे तीन शब्द पाठ करा.

उसाच्या हंगामात अथणी, रायबाग, चिकोडी भागात फडावर येणाऱ्या तोडणी मजुरांच्या बायका तर कोणत्याच यादीत नसतात. त्यांच्याबद्दल स्वतंत्रच लिहावे लागेल.

तुम्ही स्वतः काय करावे ते आता सांगते. तुमच्या भागातील नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवून तायी कार्ड घ्या, मग खासगीत जाणार असलात तरीही. जेथे बाळंतपण करायचे ठरवाल तेथे ‘खर्च किती’ याच्या आधी विचारा की रात्री कळा चालू असताना खोलीत कोण असते, तिचे शिक्षण जीएनएम आहे की ती नुसती मदतनीस आहे, डॉक्टर किती वेळात पोचतात, आणि माझ्यासोबत घरची बाई राहू शकेल का. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी एक सोबतीण ठेवू द्यावी असे केंद्र सरकारने २०१६ मध्येच कळवले आहे, तेव्हा हे मागताना संकोच करू नका. सोबतीला अशी बाई निवडा जी स्वतः बाळंत झाली आहे आणि घाबरत नाही. रडणारी आई सोबत असण्यापेक्षा शांत आत्या बरी. कळा वाढवण्याचे इंजेक्शन गल्लीतल्या कुणाकडूनही घरी घेऊ नका. त्याने गर्भाशय फाटू शकते. सरळ बाळंतपणानंतरही ४८ तास दवाखान्यातच राहा, कारण रक्तस्रावाचा सर्वांत मोठा धोका पहिल्या दिवसाचा असतो. घरी आल्यावर आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचे असते. शहरात ती आपण होऊन येईल याची खात्री नाही, म्हणून तिचा फोन नंबर आधीच घेऊन ठेवा आणि तिसऱ्या दिवशी तुम्हीच फोन करा.

जाऊबाईंचे काम जास्त निकडीचे आहे, कारण त्यांचे दिवस भरतील तेव्हा पावसाळा असेल. पहिले बाळंतपण सरळ झाले होते का, त्या वेळी रक्त जास्त गेले होते का आणि आताचे हिमोग्लोबिन किती आहे, हे त्यांच्या सिस्टरकडून लिहून घ्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आत्तापासून वाढवता येते; नवव्या महिन्यात हातात वेळ उरत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात डॉक्टरांकडून तपासणी होते, ती चुकवू देऊ नका. दुसऱ्या बाळंतपणाच्या कळा बहुधा भराभर पुढे जातात, म्हणून ‘बघू सकाळी’ असे म्हणणे त्यांना परवडणारे नाही. माझा सल्ला असा की दिवस भरायच्या दोन आठवडे आधीच त्यांना तुमच्याकडे वडगावला किंवा खानापुरात नातेवाइकांकडे आणून ठेवा. जावाजावांचे काही रुसवेफुगवे असतील तर ते दिवाळीपर्यंत पुढे ढकला.

आणता आले नाही, तर १०८ वर फोन करताना आधी ‘कर्नाटक, बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका’ असे सांगायला लावा. सीमेवर मोबाइलला कधी महाराष्ट्राचा तर कधी गोव्याचा टॉवर मिळतो आणि फोन तिकडच्या केंद्राला लागतो. दोनदा माझ्याच रुग्णांचे असे झाले आहे. गावातल्या एका जीपवाल्याशी आजच बोलून ठेवा आणि त्याच्या पर्यायालाही सांगून ठेवा. डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, थेंबभरही रक्त, पाणमोट फुटणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही झाले तर कळांची वाट न पाहता निघायचे. गावात म्हातारी दाई असेल तर तिलाही गाडीत सोबत घ्या. बाळंतपण तिच्याकडून करून घ्यायचे नाही. पण वाटेत हात धरायला, धीर द्यायला आणि दवाखान्यात रात्रभर उशाशी बसायला तिच्याइतकी सरावाची बाई तुम्हाला दुसरी मिळणार नाही. त्यांच्या सिस्टरला मात्र निघतानाच फोन करायला सांगा. ती स्वतः येऊ शकली नाही तरी पुढच्या दवाखान्यातल्या पाळीवरच्या सिस्टरला कळवू शकते, आणि त्या एका फोनमुळे दारात टेबल तयार असते.